तीळ की पुटकुळी

लातूरला तुरी आल्या की हवेला एक रंग चढतो. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, मातकट म्हणावा तर तसाही नाही. दालमिलच्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्यांवर, उभ्या केलेल्या मोटारसायकलींच्या सीटवर, चहावाल्याच्या बरण्यांवर तुरीच्या फोलकटाची भुकटी बसते. पुसली की घटकाभरात परत हजर. परवा नांदेडहून एसटीने आले, स्टँडवर उतरले आणि ओढणी नाकाला लावायच्या आतच शिंका सुरू झाल्या. दर साली हे असंच होतं. दर साली माझा भाऊ स्कूटर घेऊन घ्यायला आलेला असायचा आणि शिंक ऐकूनच मागे वळायचा. "आली बघा मेमसाब. तुरीनं बरोबर वळखलं," म्हणायचा. परवा मी शिंकले, रुमाल काढला आणि रिक्षा बघायला लागले. भाई गेल्यानंतरचा हा दुसरा हंगाम.

याच दिवसांत लातूरला आणखी एक हंगाम असतो, तो पोरांचा. परीक्षांचे फॉर्म सुटतात आणि क्लासच्या गल्ल्यांतली सगळी गर्दी फोटोवाल्यांकडे वळते. मागे पांढरा पडदा पाहिजे, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चष्म्यावर चमक नको. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमच्या अब्बांनी काढलेला स्टुडिओ होता, अब्बांनंतर तो भाईनं चालवला. एक स्टूल, एक आरसा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा आणि खिळ्याला टांगलेला एक काळा कोट. उदगीरचा, चाकूरचा, कुठलाही पोरगा आला की तोच कोट. मागून कपड्यांचे चिमटे लावून भाई तो अंगाबरोबर बसवायचा. समोरून साहेब आणि मागून वाळत घातलेलं धुणं. "हासू नको रे," भाई सांगायचा, "डॉक्टर झाल्यावर हास. आत्ता सरकारला गंभीर माणूस लागतोय." आमच्या घरात बोलणं दखनी, गिऱ्हाईक सगळं मराठी. भाईच्या तोंडात दोन्ही इतकं मिसळलं होतं की कुठलं वाक्य कुठल्या भाषेत सुरू केलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

अब्बा निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करायचे, मागून उजेड घेऊन, एक डोळा मिटून. भाई तेच काम संगणकावर माउसनं करायचा. हत्यार बदललं, नियम बदलला नाही. पुटकुळी काढायची, तीळ काढायचा नाही. पुटकुळी आठ दिवसांची पाहुणी, तीळ जन्माचा, असं अब्बा म्हणायचे. भाईच्या डोक्यात हे नीट बसलं ते औशाकडच्या एका मुलीमुळे. तिचा चेहरा गोड, हनुवटीवर मसुरीएवढा तीळ. भाई तेव्हा संगणक नवा नवा शिकलेला, हात शिवशिवत होते. त्यानं तीळ पुसून टाकला. पोरीनं फॉर्मवर ओळखीची खूण म्हणून काय लिहिलं होतं, तर हनुवटीवर तीळ. सेंटरच्या गेटवर तिला अडवलं. फोटोत तीळ कुठाय म्हणून चौकशी झाली. पेपर मिळाला शेवटी, पण दुसऱ्या दिवशी तिचा बाप स्टुडिओत येऊन उभा. "माझ्या पोरीचा तीळ कुठं गेला, ते सांगा पहिलं." अब्बांनी त्याला पाणी दिलं, चहा पाजला, माफी मागितली, नवा फोटो करून दिला. मग सगळ्यांसमोर भाईला म्हणाले, "अल्ला का लिखा तू कौन मिटानेवाला?" त्यानंतर कुणाचाही चेहरा पडद्यावर मोठा केला की भाई आधी मोठ्यानं विचारायचा, "तीळ की पुटकुळी?" पुटकुळ्यांनी भरलेली पोरं लाजून हसायची.

माझंही काम हेच आहे, असं भाईचं म्हणणं होतं. मी नांदेडला एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करते. साध्या सूक्ष्मदर्शकाला जे दिसत नाही ते आमच्याकडे बघायला येतं. पानातला विषाणू, स्नायूचा धागा, माणसाच्या किडनीचा मोहरीएवढा तुकडा. तो तुकडा राळेत घट्ट बसवायचा, हिऱ्याच्या सुरीनं त्याचे काप काढायचे. इतके पातळ की पाण्यावर तरंगताना त्यांना नुसती चंदेरी झाक असते. टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर तो काप अलगद उचलायचा, जड धातूंच्या द्रावणात रंगवायचा आणि यंत्रात घालायचा. सांगायला सोपं आहे. सुरीला बारीकशी खाच असली की चित्रभर रेघा येतात. काप उचलताना चुणी पडते. रस्त्यावरून खडीचा ट्रक गेला की सगळं चित्र थरथरतं. अहो, मी जे बघते त्यातलं निम्मं शरीराचं असतं आणि निम्मं माझ्याच हातचं. कुठलं कुणाचं ते वेगळं करायचं, माझं जे आहे ते काढून टाकायचं. काही हातानं धुऊन निघतं, काही संगणकावर निस्तरावं लागतं. भाई बरोबर बोलायचा. आम्ही दोघंही अब्बांचंच दुकान चालवत होतो.

या कामात एक गोष्ट मला कायम जड गेली, ती श्वासाची. रंगवायला शिशाचं एक द्रावण असतं. त्याला माणसाचा श्वास चालत नाही. आपण सोडलेल्या हवेतला वायू त्याला लागला की काळे कण पडतात आणि ते चित्रात मिऱ्याच्या भुकटीसारखे पसरतात. म्हणून थेंब काचेच्या झाकणाखाली ठेवायचे, भोवती कॉस्टिक सोड्याचे दाणे मांडायचे, म्हणजे वायू ते खातात. जाळी थेंबावर ठेवताना ओठ मिटायचे, श्वास धरायचा, काम झालं की तोंड बाजूला करून सोडायचा. नव्या मुली आल्या की मी त्यांना पहिलं हेच शिकवते, त्या आठवडाभर लालबुंद होऊन फिरतात. मला तर खोडच लागली. सुईत दोरा ओवताना, भाकरी थापताना, कुणी वाईट बातमी सांगायला लागलं की, मी श्वास धरते. भाई भाभीला म्हणायचा, "ही बाई दम न घेण्याचा पगार घेते."

भाईच्या शेवटच्या हंगामात त्याचा चेहरा सुजला होता. स्टँडवर त्यानं मागे वळून पाहिलं आणि मला आधी वाटलं, झोप झाली नसेल. डोळ्यांखाली पिशव्या, गाल भरलेले. "थंडी हाय, दुसरं काय," म्हणाला. दुपारी स्टुडिओत पोरांची रांग लागलेली, हा स्टुलावरच्या पोराची मान सरळ करतोय आणि त्याच्या चपलांचे पट्टे त्याच्याच पायांत रुतलेले. भाभी मला आत ओढून हळूच म्हणाली, "लघवीला फेस येतोय, दोन महिने झाले. मला आज सांगितलं." मी तिथल्या तिथं भांडले त्याच्याशी, गिऱ्हाइकांसमोर. तो पोरांना म्हणाला, "माझी बहीण हाय. शास्त्रज्ञ. घाबरू नका."

दवाखान्याच्या कार्डासाठी फोटो लागला, तेव्हा त्यानं स्वतःचा फोटो स्वतःच काढला. टायमर लावून स्टुलावर बसला, तो कोट न घालता. पडद्यावर चेहरा मोठा केला आणि सवयीनं विचारलं, "तीळ की पुटकुळी?" "पुटकुळीच," त्यानंच उत्तर दिलं, "औषध चालू झालं की जाणार." आणि त्यानं डोळ्यांखालची सूज काढली, गालही थोडे आत घेतले. लई सफाईनं केलं. कार्डावर भाई दहा वर्षांपूर्वीचा आला, लग्नाच्या वरातीत नाचायचा तसला. मला आठवतंय, मला ते बघून बरं वाटलं होतं.

मग किडनीचा तुकडा काढला. साध्या सूक्ष्मदर्शकात नीट उलगडा होईना, म्हणून डॉक्टरांनी तो आमच्या प्रयोगशाळेकडे धाडला. मराठवाड्यातलं असलं काम आमच्याकडेच येतं, त्यात नवल काही नव्हतं. आमचे सर म्हणाले, "तुम्ही नका बघू. बाहेर पाठवू." मी नको म्हणाले. माझ्या भावाचा तुकडा दुसऱ्या कुणी कापावा, त्याला चुण्या पाडाव्यात, हे मला सोसणारं नव्हतं. डॉक्टरांनी मला सगळं उघड सांगितलं होतं. किडनीत रक्त गाळणारा एक नाजूक पडदा असतो. तो नुसता सैलावला असेल तर गोळ्यांनी माणूस सुधारतो, कामाला लागतो. पण पडद्याच्या आत काळे गोळे साठलेले दिसले, तर या दुखण्यात औषधाचा फारसा उपयोग होत नाही. किडनी जाते, आज ना उद्या. म्हणजे सगळं येऊन थांबलं होतं त्या एका चित्रावर आणि ते काढणार होते मी.

काप चांगले निघाले. या हाताला वळण आहे. रंगवताना श्वास धरला होता. धरला होता असं मला वाटलं. यंत्रात जाळी घातली, यंत्राच्या काचेवर हिरवट उजेड आला आणि त्यात काळं दिसलं. सगळीकडे काळं, मिऱ्याची भुकटी. आणि मग नीट बघितल्यावर मी हसले. एकटीच, त्या अंधाऱ्या खोलीत. कारण ते कण नुसते भावाच्या किडनीच्या पडद्यावर नव्हते. जिथं काहीच नाही, नुसती राळ आहे, तिथंही होते. दुखणं राळेला होत नसतं. हे माझं होतं. माझा श्वास सुटला होता कधीतरी, मला न कळता. इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या चुकीचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. बाहेर येऊन मी भाईला फोन लावला आणि सांगितलं, "काळं दिसतंय, पण भिऊ नको, माझीच घाण आहे. परत करते."

"म्हंजे तुझ्या फुंकरीनं माझी किडनी काळी झाली म्हन की," भाई हसला. मागे कुणा पोराला ओरडला, "ए, कान दाखव." मग मला म्हणाला, "पूस बाई, पूस. तुझं तू पूस."

मी परत काप काढले. पाणी उकळून गार केलं, म्हणजे त्यातलाही वायू जावा. सोड्याचे दाणे दुप्पट ठेवले. दुसऱ्या मुलीला खोलीबाहेर काढलं, पंखा बंद केला, नाकातोंडावर दुहेरी मास्क. जाळी यंत्रात घातली आणि राळ बघितली आधी. राळ स्वच्छ होती, धुतलेल्या काचेसारखी. मग पडद्याकडे सरकले. मिऱ्याची भुकटी गेली होती आणि ती गेली म्हणूनच खालचं दिसत होतं. पडद्याच्या आत, त्याच्याच जाडीत, करड्या-काळ्या कडांचे गोळे, एकाला एक लागून. कण टोकदार असतात, वर बसलेले असतात. हे मऊ होते आणि आत होते. ज्या जागी होते तिथं पडदा त्यांना वळसा घालून फुगला होता, म्हणजे ते तिथंच वाढले होते. मी जाळी तिरपी करून बघितली, दुसरा काप बघितला, दुसऱ्या दिवशी तिसरा बघितला. सुरीची रेघ नाही, चुणी नाही, थरथर नाही. माझं जे जे होतं ते मी सगळं काढलं होतं. जे उरलं ते भाईचं होतं.

माणूस चुकतो आणि वर चुकू नये म्हणून देवाचा धावा करतो. मी त्या दोन दिवसांत उलटी दुआ मागत होते. या अल्ला, माझी चूक निघू दे. नमुन्यांची अदलाबदल झालेली असू दे, सुरी बोथट असू दे, यंत्र बिघडलेलं असू दे, मला आंधळी कर, पण हे त्याचं नसू दे. सर मला म्हणाले, चित्र फार उत्तम आलंय. खरंच उत्तम आलं होतं. तेवढं स्वच्छ चित्र मी त्याआधी काढलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

पुढचं सरळ सांगून टाकते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गोळ्यांनी चेहरा आणखी सुजला, किडनी थांबली नाही. मग डायलिसिस. भाई आतल्या खाटेवर, भाभी बाहेर बाकड्यावर डबा घेऊन, मी सुट्टी मिळेल तशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं ये-जा. मी किडनी द्यायला तयार होते, जुळली नाही. कार्ड बघणारी नवी नर्स आली की फोटो बघायची, चेहरा बघायची, परत फोटो बघायची. "हे तुम्हीच का?" भाई म्हणायचा, "मीच हाव. रिटचिंग जरा जास्त झालंय." पुढच्या तुरी बाजारात येईपर्यंत तो राहिला नाही. स्टुडिओच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तो आरसा तेवढा भिंतीवर तसाच आहे आणि फॉर्म भरायला आलेली पोरं कव्हर घेता घेता त्यात भांग नीट करतात. परवा मी थोडा वेळ समोर उभी राहून बघितलं. कंगवा नव्हता.

भाभीकडे जेवले. तिनं तुरीच्या सोल्यांची आमटी केली होती, भाईला आवडायची तशी तिखट. निघताना म्हणाली, "त्यांचा शेवटचा चांगला फोटो म्हणजे तो कार्डावरचाच. तोच ठेवलाय." मी हौ म्हणाले. तो खोटा आहे हे तिलाही माहीत आहे. खरा फोटो माझ्याकडे आहे, काळापांढरा, आणि तो कुठल्याही घरात लावता येणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत तुकडा घेऊन येणाऱ्यांना बाहेर बसायला बाक आहे. या आठवड्यात बिलोलीकडची एक आई आली होती, मुलाचा नमुना घेऊन. दारातच तिनं माझा हात धरला. "ताई, मशिनचं काई चुकू शकतंय ना वो?" मी म्हणाले, "चुकू शकतं. मी दोनदा करून बघते." करते. भाईनंतर प्रत्येक नमुना मी दोनदा करते, सर कुरकुरतात तरी. कधी रेघा निघतात, कधी मिऱ्याची भुकटी निघते, ती मी धुते आणि खालचं दिसायला लागतं. दुसऱ्यांदा केल्यानं एखाद्याचं दुखणं चूक निघालं, असं अजून एकदाही झालेलं नाही. तरी करते. त्या आईला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

पण तुरीची भुकटी नाकात गेली की मला दवाखाना आठवत नाही, मयतही आठवत नाही. आठवते ती त्याच्या आधीची, भाईच्या त्या शेवटच्या हंगामातली एक दुपार. भाईच्या किडनीचं चित्र संगणकावर उघडं होतं. अहवाल जायचा होता, शेवटचा हात फिरवायचा म्हणून मी बसले होते. आमच्याकडे तेव्हा एक नवी प्रणाली आली होती. तिला डाग दाखवायचा, ती तो काढते आणि आजूबाजूला जसं आहे तसं तिथं भरून देते. खाली एक बटण, "सर्व ठिपके काढा". मी ते बटण दाबलं. का दाबलं, मला विचारू नका. क्षणभर चित्र धूसर झालं आणि मग किडनीचा पडदा समोर आला. सलग, करडा, एकसारखा, कुठंही गोळा नाही. निरोगी माणसाचा असतो अगदी तसा. माझ्या भावाची किडनी बरी झाली होती. मी श्वास धरून बसले होते, तिथं शिशाचा थेंब नव्हता तरी.

तेवढ्यात भाईचा फोन आला. मागे स्टुडिओतला गलका, कुणीतरी कोटाची बाही कमी करा म्हणत होतं. तो उठून मागच्या खोलीत गेला असावा, आवाज कमी झाला.

"बेबी," म्हणाला. मला तो एकटाच बेबी म्हणायचा. "दोन रोज झाले, तू फोन न्हाई केला. म्हंजे झालं तुझं काम."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दमबिम काही नको धरू. सीधा बोल. तीळ की पुटकुळी?"

समोर चित्रातला पडदा स्वच्छ होता. मी त्याच्याकडे बघत होते. नुसतं पुटकुळी म्हणाले असते तर तो तेवढी दुपार हसत गेला असता, पोरांच्या माना सरळ करत.

"तीळ," मी म्हणाले.

तो अब्बा सांगायचे त्याच सुरात, कामातला माणूस कामातल्या माणसाला सांगतो तसं म्हणाला, "मग हात नको लावू."

फोन ठेवून मी पुसलेलं परत आणायचं बटण दाबलं. सगळे काळे गोळे आपापल्या जागी परत आले. मी ते चित्र तसंच पाठवून दिलं.